बैठकीतल्या अकरा उशा

मामाच्या बैठकीत अकरा उशा होत्या. सात चौकोनी, दोन लोडासारख्या गोल, आणि दोन अगदी लहान, पानाच्या आकाराच्या. त्या लहान उशांवर डोकंही ठेवता येत नव्हतं आणि पाठही टेकता येत नव्हती. त्यांनी नुसतं दिसायचं. आता माझ्या नातीच्या घरी सोफ्यावर तसल्या उशांचा ढीग असतो. पोरं त्या एकमेकांना फेकून मारतात, आणि पंधरा दिवसांनी कामवाली त्यांचे अभ्रे काढून मशीनमध्ये कोंबते. ते मशीन गरगर फिरायला लागलं की मी उठून गॅलरीत जाते. नातीला वाटतं, आजीला आवाज सहन होत नाही. आवाजाचं काही नाही. आत कोणता रंग कोणाला लागत असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

बाबा गेले तेव्हा मी सहावीत होते. उंद्रीचं बिऱ्हाड आवरून आई मला घेऊन खामगावला तिच्या भावाकडे आली. मामा एका जिनिंगमध्ये हेडक्लार्क होता. घर जिनिंगच्या मागच्याच गल्लीत होतं. हंगामात सकाळपासून सरकी निघण्याचा घरघराट चालू असायचा आणि हवेत कापसाचे तंतू तरंगायचे. ते चहाच्या कपात पडायचे, वरणात पडायचे, भिजवलेल्या कणकेवर येऊन बसायचे. पहिला भोंगा झाला की आई चूल पेटवायची. सकाळी ज्वारीच्या भाकरी, तुरीचं घट्ट वरण, मिरच्यांचा ठेचा, आणि हिवाळ्यात वांग्याचं भरीत. आईच्या हाताला चव होती, म्हणून सगळा स्वयंपाक तिच्याकडे आला. मला झाडपूस आली, आणि मग बैठक आली. कुणी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. मामीनं मला कधी शिळं वाढलं नाही. पण त्या घरात आम्हा दोघींचा दिवस दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेवर उगवायचा आणि मावळायचा, आणि हे आईला पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं. मला कळायला वेळ लागला.

मामीची मुलगी सुमनताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मॅट्रिक झालेली, उंच, गहूवर्णी, आणि डोळ्यांनी अगदी अधू. चष्म्याशिवाय तिला समोरच्या माणसाचं नाक दिसायचं नाही. पाहुणे बघायला यायचे तेव्हा मामी तिचा चष्मा काढून डाळीच्या डब्यात लपवायची. सुमनताई मग चहाचा ट्रे घेऊन पावलं मोजत बैठकीत यायची. दारापासून सात पावलं, मग वाकायचं. तिला सुई ओवता येत नव्हती, भरतकाम तर दूरच. पण बघायला येणाऱ्या बाया पहिला प्रश्न तोच विचारायच्या. म्हणून मामीनं एक तोड काढली. भरतकाम करायची मी, आणि सांगायचं सुमनताईचं नाव.

माझा हात चांगला होता. शाळेत शिवणाच्या बाईंनी साखळी टाका आणि काश्मिरी टाका शिकवला होता. नववीच्या वार्षिक परीक्षेनंतर मामीनं मला जवळ बसवून, केसांना तेल लावता लावता सांगितलं, "विमल, सुमीचं यंदा जमूनच जाईन. तोवर घरी राह्य. बैठक नीट ठेव. तिचं जमलं की तू आपली शाळेत जा. कोन नाही म्हणते तुले?"

मी हो म्हटलं. राज्य नवं झालं होतं, आमच्या वर्गात महाराष्ट्राचा नवा नकाशा लागला होता, आणि त्यावर बुलडाण्याचं नाव मी बोटानं शोधून ठेवलं होतं. वाटलं, चार-सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे, नकाशा कुठे जातो.

मग उशा माझ्या झाल्या. उशी सांभाळणं हे काम लोकांना वाटतं तसं नाही. रोज सकाळी प्रत्येक उशी उचलून उलट्या बाजूनं तळहातानं थापटायची. काठीनं झोडपायची नाही, टाके सैल होतात. तंतू आणि धूळ मऊ कुंच्यानं एकाच दिशेनं काढायची. उन्हात घालायची ती अभ्रा काढून, नुसती आतली कापूस भरलेली खोळ. भरलेला अभ्रा उन्हात गेला की लाल रंग महिन्याभरात विटकरी होतो. बायांच्या अंबाड्याचं तेल लागलं तर पाणी लावायच्या आधी शंखजिऱ्याची भुकटी दाबून रात्रभर ठेवायची, ती तेल ओढून घेते. धुवायच्या आधी ओल्या पांढऱ्या चिंधीनं प्रत्येक रंगाचा दोरा दाबून बघायचा, चिंधीला रंग लागला तर त्या अभ्र्याला गरम पाणी जन्मात दाखवायचं नाही. धुवायचं रिठ्याच्या गार पाण्यात, एकेक अभ्रा वेगळा. पिळायचा नाही, जुन्या धोतरात गुंडाळून दाबायचा. वाळवायचा सावलीत, आणि इस्त्री उलट्या बाजूनं, खाली घोंगडी घालून, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. आत कडुलिंबाचा वाळलेला पाला. दिवाळीच्या आधी पिंजारी यायचा, सगळ्या उशा उसवून सावरीचा कापूस पुन्हा मोकळा करायचा. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. मी एकदा उशी भरत होते तर तो म्हणाला, "इतनी गच्च नको भरू, बेटी. कापसाले हलाले जागा पायजे." हे सगळं मी कुणाकडून एका दिवसात शिकले नाही. थोडं आईकडून, थोडं चाचाकडून, बाकीचं बिघडवून आणि मामीची बोलणी खाऊन.

पहिलं स्थळ अकोल्याचं आलं. पोहे खाल्ले, उशांची तारीफ केली, आणि कळवतो म्हणून गेले. दुसरं मेहकरचं. तिसरं, चौथं. प्रत्येक वेळी पाहुण्यांच्या आधीचे तीन दिवस मी अभ्रे धुण्यात आणि इस्त्रीत घालवायची, आणि ते आले की मधल्या दाराच्या पडद्याआड उभी राहून त्यांच्या चेहऱ्यांकडे बघायची. सुमनताईला त्यातलं कुणीच दिसत नव्हतं. मला सगळे दिसत होते. कुणी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं की मी पडद्याची कड मुठीत घट्ट धरायची. लग्न तिचं ठरायचं होतं, आणि सुटका माझी. नकाराचं पत्र आलं की मामी रडायची, सुमनताई चष्मा लावून गल्लीतल्या वाचनालयाची कादंबरी नाकाशी धरायची, आणि मी मोरीत जाऊन उभी राहायची. जून यायचा, शाळेची घंटा वाजायची. आमच्या गल्लीतून पोरी पाट्या-पुस्तकं घेऊन जायच्या, त्यात माझ्या वर्गातल्या दोघी होत्या. पहिल्या वर्षी त्या मला हाक मारायच्या. दुसऱ्या वर्षी नुसत्या हसायच्या. पुढे त्या दुसऱ्या बाजूनं जायला लागल्या, किंवा मीच त्या वेळी बैठकीत यायचं सोडलं, आता नक्की आठवत नाही.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. दुपारी मामी झोपली की सुमनताई तिची जुनी पुस्तकं घेऊन माझ्या शेजारी बसायची. मी रिंगमध्ये कापड ताणून टाके घालायची आणि ती मला भूगोल वाचून दाखवायची, बीजगणित तोंडी सोडवायला लावायची. तिला शिकवायची फार हौस. चुकलं की माझ्या गुडघ्यावर चापट मारायची. "बे दुने चार तरी येते का तुले, का तेबी टाक्यातच गेलं?" म्हणायची आणि स्वतःच हसायची. आमच्या दोघींच्या कैदेला एकच दार होतं आणि त्याची किल्ली बाहेरच्या कुणाकडे तरी होती, म्हणून असेल, आमचं कधी भांडण झालं नाही.

मलकापूरचं स्थळ आलं तेव्हा मला सोळावं सरत होतं. मुलगा तिथल्या कचेरीत नोकरीला. बरोबर त्याची आई आणि काका. मुलाच्या आईला सगळे काकू म्हणत होते. अंगानं भरलेल्या, बोलायला मोकळ्या, आणि बैठकीत पाऊल टाकल्या टाकल्या त्यांची नजर उशांवर गेली. मोराची उशी त्यांनी उचलूनच घेतली. ती माझी सगळ्यात मोठी मेहनत होती. पांढऱ्या केसमेंटच्या कापडावर निळा-हिरवा मोर, आणि चारी बाजूंनी कुंकवासारख्या लाल दोऱ्याची वेल. तो लाल दोरा बाजारातला कच्चा होता. चिंधीला रंग द्यायचा. मी त्या अभ्र्याला दीड वर्ष जपलं होतं.

"पोरीनंच केलं काय हे?" काकूंनी विचारलं.

"हाव, सुमीचाच हात हाय," मामी म्हणाली. "दिवसभर तेच करत राह्यते."

सुमनताई सात पावलं मोजून आली, वाकली, चहा ठेवला. सगळं बरोबर झालं. मुलगा मात्र बिचारा घाबरट. बशीत चहा ओतताना त्याचा हात हलला आणि अर्धी बशी मोराच्या पिसाऱ्यावर गेली. मी पडद्याआडून पाहत होते. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. मामी "असू द्या, असू द्या" करत उठली. पण काकू हसून म्हणाल्या, "तुमी काऊन उठता? जिनं केलं तिले मालूम असन डाग कसा काढाचा. चाल वं सुमन, मीबी पाह्यते. आमच्या घरी चोवीस उशा हायेत, पण तिकडे कोनी ध्यानच देत नाही."

दोघी मागच्या अंगणात आल्या. मी त्यांच्या आधी पळत येऊन हौदाजवळ उभी होते. सुमनताईनं उशी पोटाशी धरली होती, आणि अंदाजानं ती सरळ तांब्याच्या बंबाकडे गेली. सकाळच्या आंघोळीचं पाणी त्यात अजून कढत होतं. तिनं तोटी सोडून खाली घंगाळ धरलं, वाफ वर आली, आणि ती अभ्र्यासकट उशी त्यात बुडवणार तेवढ्यात मी ओरडले, "ताई, नको! लाल सुटन!"

मी उशी ओढून घेतली. पुढचं माझ्या हातांनीच केलं, मी काही ठरवलं नव्हतं. अभ्रा काढला, उलटा केला, डागाच्या मागच्या बाजूनं गार पाण्याची धार सोडली, म्हणजे चहा ज्या वाटेनं आत गेला त्याच वाटेनं बाहेर येतो. चोळलं नाही. रिठ्याचा फेस नुसता बोटांनी टेकवला. लाल वेलीला पाणी लागू नये म्हणून ती मुठीत धरली होती. डाग फिका झाला, मग गेला. मी वर पाहिलं तर काकू माझ्या बोटांकडे बघत होत्या.

"हे सारं तूच केलं का वं?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली. "नाही जी. मले ताईनंच शिकवलं."

खोटं बोलताना मला जराही वाईट वाटलं नाही. ते खोटं टिकलं असतं तर मी जूनमध्ये दहावीत बसले असते. पण सुमनताई मध्येच बोलली. तिचा आवाज शांत होता, मला बीजगणित सांगायची तसाच.

"काकू, ते खोटं बोलून राह्यली. अकराच्या अकरा उशा तिनंच केल्या. मले सुई ओवता येत नाही. मले चष्मा हाय, आईनं डाळीच्या डब्यात ठेवला. तुमी कशा दिसता तेबी मले आता सांगता येणार नाही."

काकूंनी पदर सावरला आणि त्या आत गेल्या. पाचव्या मिनिटाला पाहुणे उठले. मी सुमनताईवर त्या दिवशी जितकी चिडले तितकी आयुष्यात कुणावर चिडले नसेन. तिला म्हटलं, "एक वर्ष गप राह्यली असती तं काय झालं असतं?" ती म्हणाली, "एक वर्ष नाही वं. तिथं जन्मभर गप राहा लागलं असतं." ते तिचं खरंच होतं. तेव्हा मात्र मला त्यात फक्त माझी शाळा बुडालेली दिसत होती.

आठव्या दिवशी मलकापूरहून पत्र आलं. मामानं ते ओसरीवर उभ्यानं वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. काकूंना मी पसंत होते. काही अट नव्हती, काही मागणं नव्हतं. वर्षभर थांबायचीही तयारी होती, पण माघात उरकलं तर बरं. काकूंच्या थोरल्या सासूबाईंना दाखवायला मोराचा अभ्रा येणाऱ्या माणसाबरोबर पाठवून द्यावा, म्हणजे पुढचं बोलणं पक्कं.

मामी दोन दिवस रडली, आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी लुगडी काढून बघायला लागली. बिनबापाच्या पोरीला घरबसल्या असं स्थळ, गल्लीतल्या बाया येऊन आईला सांगून जायच्या. आई पोळपाटावरून मान वर करून हसल्यासारखं करायची. मला कुणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलंच नाही, आणि मला स्वतःला तरी शब्द कुठे सुचत होते? मी रोजच्यासारख्या उशा थापटत होते. थापटता थापटता मोजायची, अकरा, आणि मग मलकापूरच्या चोवीस. मी त्या घरात जाणार होते ती मी म्हणून नव्हे, माझी बोटं त्यांना हवी होती. काकू वाईट नव्हत्या. मुलगाही वाईट नसेल. पण त्या दिवसांत मला श्वास पुरा घेता यायचा नाही, अर्ध्यात अडकायचा. मामी म्हणाली, कापसाचे तंतू गेले असतील घशात, गूळ खा.

गुरुवारी मलकापूरचा माणूस येणार होता. बुधवारी मामीनं सांगितलं, "मोराचा अभ्रा धुऊन, इस्त्री करून ठेव. डाग राह्यला नसन न?" नव्हता राहिला. तो अभ्रा इतका स्वच्छ होता की त्याला धुवायची गरजच नव्हती. दुपारी जेवणं झाली, मामी झोपली, सुमनताई वाचनालयात पुस्तक बदलायला गेली. जिनिंगचा घरघराट चालू होता. मी अंगणातल्या चुलीवर पाणी ठेवलं आणि त्याला आधण येईपर्यंत समोर बसून राहिले. घंगाळात ओतलं. धुण्याच्या सोड्याची पुडी फोडून पूर्ण रिकामी केली. दोन वर्षं जे जे करायचं नाही म्हणून शिकले होते, ते सगळं मला पाठ होतं.

अभ्रा टाकला. क्षणभर काही झालं नाही. मग वेलीच्या कडेनं एक गुलाबी झाक उठली, पाण्यात पसरली, आणि मोराच्या पायांपासून वर चढायला लागली. मी रडत होते की काय ते कळत नव्हतं, वाफच इतकी होती. हे माझ्याच हाताचं काम होतं. त्या पिसाऱ्यात माझे चार महिने गेले होते. एकदा वाटलं, अजून काढावा, गार पाण्यात टाकावा, निम्मा वाचेल. माझा हात घंगाळाकडे गेला, तेवढ्यात मागच्या दारात आई दिसली.

तिच्या हातात खरकटी भांडी होती. तिनं ती खाली ठेवली. फुटलेली सोड्याची पुडी पाहिली, पाणी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आता ती मामीला हाक मारेल असं मला वाटलं. ती माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. अभ्र्याचं एक टोक हवा भरून पाण्यावर फुगून आलं होतं, तिथली वेल अजून लाल होती. आईनं जळणातलं एक लाकूड घेतलं आणि ते टोक पाण्याखाली दाबून धरलं.

आम्ही दोघी बसून राहिलो. अभ्रा बाहेर काढला तेव्हा मोर कुठे आहे ते सांगावं लागलं असतं.

मामीनं पाहिलं तेव्हा तिचा हात माझ्यावर उठला, तो आईनं मध्ये धरला. मामा जिनिंगमधून आला. त्याच्यापुढे तो जांभळट लगदा ठेवून मामी म्हणाली, "पाहा तुमच्या भाचीचे चाळे." आई त्या घरात मामासमोर कधी उभ्यानं बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "दादा, मलकापूरले पाठवाचं असन तं हेच पाठवा. इचं लगन मले आता कराचं नाही. इले शिकाचं हाय."

"मंग राहाल कुठी मायलेकी?" मामानं विचारलं.

"इथंच," आई म्हणाली. "मी सयपाक करते न?"

मामानं तो अभ्रा पाठवला नाही. नकाराचं पत्र पाठवलं. आईशी तो बरेच दिवस बोलला नाही, आणि मामी माझ्याशी. आम्ही कुठेही गेलो नाही, जायला जागा नव्हती. उशा होत्याच, आता दहा. मी त्या पुढची तीन वर्षं थापटल्या, धुतल्या, वाळवल्या. शाळेत मला परत कुणी घातलं नाही. दार उघडलं असं काही झालं नाही, एवढंच की दुपारचे दोन तास सुमनताई मला उघडपणे शिकवायला लागली, रिंग आणि दोरे बाजूला ठेवून, आणि मामी तिकडे काणाडोळा करायला लागली. मी मॅट्रिकला बाहेरून बसले. पहिल्या खेपेला गणितात राहिले, दुसऱ्या खेपेला सुटले. सुमनताईनं पुढच्या स्थळाच्या वेळी चष्मा घालूनच चहा नेला. तो मास्तर होता, त्याच्याही डोळ्यांवर चष्मा होता, आणि उशांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. मी तोवर शाळेतल्या नोकरीतून निवृत्त व्हायला आले होते. एका संध्याकाळी ती भाजी निवडत होती आणि मी तिला विचारलं, इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच, की त्या दुपारी तिनं मला थांबवलं का नाही.

आईनं मेथीची काडी मोडली, पानं परातीत टाकली.

"पाणी निवून राह्यलं होतं वं," ती म्हणाली. "अर्धा रंग राह्यला असता, तं वयनीनं तुह्याकडूनच तो पुन्हा भरून घेतला असता."